थांब्यापर्यंतचा अर्धा किलोमीटर

दिवेआगरच्या एखाद्या आळीत राहणाऱ्या सत्तरीच्या आजी डोळ्यांसमोर आणा. त्यांना रक्तदाब आहे. पायांवर सूज येते म्हणून डॉक्टरांनी ‘पाण्याची गोळी’ही सुरू केली आहे. महिन्यातून एकदा औषधे आणायला त्यांना बोर्लीपंचतनच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे लागते. अंतर चार-पाच किलोमीटरचे. एसटी वेळेवर मिळाली तर काहीच नाही. पण नेमकी त्या दिवशी सकाळी आजी पाण्याची गोळी घेत नाहीत. गोळी घेतली की तासाभरात लघवीला लागते, आणि थांब्यावर शौचालय नसेल तर जायचे कुठे? पाणीसुद्धा त्या घोटभरच पितात. मग वाडीच्या गडग्याला लागून, मागून येणाऱ्या गाड्यांना वाट देत थांब्यापर्यंत चालतात, उन्हात उभ्या राहतात आणि केंद्रावर पोहोचतात. तिथे रक्तदाब मोजला जातो, तो वाढलेला असतो. औषध पुरे पडत नाही असे वाटून गोळ्या वाढवल्या जातात.

या आजी कल्पनेतल्या आहेत. पण अशा आजी-आजोबा सरकारी दवाखान्याच्या बाह्यरुग्ण विभागात रोज भेटतात. त्यांच्या दुखण्याचा एक भाग शरीरात असतो आणि एक भाग घर ते एसटी थांबा यांमधल्या अर्ध्या किलोमीटरमध्ये. पहिल्यावर डॉक्टर उपचार करतात. दुसऱ्यावरचा उपचार ग्रामपंचायतीच्या हाती असतो. त्यासाठी लागणारा निधी वेगवेगळ्या योजनांत विखुरलेला असला तरी असतो. बहुतेक वेळा अडते ते तो मिळवण्यासाठी लागणाऱ्या नेमक्या प्रस्तावापाशी.

बसच्या वाटेवरचे औषध

बस आणि आरोग्य यांचा संबंध वैद्यकशास्त्राला सत्तर वर्षांपासून ठाऊक आहे. १९५३ मध्ये जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात लंडनच्या बस कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दुमजली बसचे चालक दिवसभर बसून असत, तर वाहक तिकिटे फाडत जिने चढत-उतरत. दोघांचे वय, पगार, राहणीमान साधारण सारखेच. तरीही वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले आणि झालाच तर तो कमी घातक ठरला. पुढे मॉरिस यांनीच गणवेशाच्या मापांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा चालकांच्या विजारींचा कंबरघेर वाहकांपेक्षा मोठा असल्याचे दिसले. म्हणजे फरकाचे सगळे श्रेय जिन्याला देता येत नव्हते. पण टपाल वाटत हिंडणारे पोस्टमन आणि टेबलावर बसणारे कारकून यांच्यातही तसाच फरक दिसला. शरीराची रोजची हालचाल हृदयाला जपते, या आज सर्वमान्य असलेल्या विचाराची सुरुवात बसमध्ये झाली.

प्रवाशांनाही हा लाभ मिळतो. अमेरिकेत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बस-रेल्वेने प्रवास करणारे लोक केवळ थांब्यापर्यंत जाण्या-येण्यात किती चालतात, ते पाहिले गेले. त्यांपैकी निम्म्या लोकांचे चालणे दिवसाला १९ मिनिटे किंवा त्याहून अधिक भरले, आणि २९ टक्के लोकांचे अर्ध्या तासाहून अधिक. हे लोक व्यायाम म्हणून चालत नव्हते. त्यांना कामावर जायचे होते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाच्या शारीरिक हालचालीचा सल्ला देते. अर्धा किलोमीटर संथपणे चालायला ज्येष्ठांना सुमारे दहा मिनिटे लागतात. आठवड्यातून पाच दिवस जाऊन-येऊन धरले तर शंभर मिनिटे होतात, म्हणजे शिफारशीच्या दोन-तृतीयांश. बूट नकोत, जिम नको.

या मिनिटांची गरज आता गावालाही आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि ३५ टक्क्यांहून अधिक प्रौढांना उच्च रक्तदाब. पूर्वी वाडीत शिंपणे करणारा, पोफळीवर चढणारा, डोक्यावर ओझे वाहून नेणारा कोकणी माणूस आज दुचाकीवरून कोपऱ्यावरच्या दुकानात जातो. त्याला चालायला सांगणे सोपे आहे. पण चालायचे कुठे, हा प्रश्न उरतोच.

रस्त्याचे गणित

दिवेआगर हे श्रीवर्धन तालुक्यातले समुद्राला समांतर पसरलेले गाव. दोन्ही बाजूंना नारळ-पोफळीच्या वाड्या आणि मधून जाणारे अरुंद रस्ते. १९९७ मध्ये इथे सुवर्णगणेशाचा मुखवटा सापडला आणि भाविकांची रीघ लागली. पुढे समुद्रकिनाऱ्यासाठी येणाऱ्यांची भर पडली. घरोघरी राहण्या-जेवणाची सोय झाली, गावात पैसा आला. त्याबरोबर शनिवार-रविवारी आणि सलग सुट्ट्यांना मुंबई-पुण्याच्या मोटारीही आल्या. बैलगाड्या आणि पादचाऱ्यांसाठी आखलेल्या रस्त्याला पदपथ नसतो. मोटार आली की पादचारी गडग्याला टेकतो. समोरून दुसरी आली की गडगा आणि आरसा यांच्यात त्याला जागा राहत नाही.

वेगाचा हिशेब मांडला तर धोका लगेच कळतो. सत्तरीच्या व्यक्तीचा चालण्याचा वेग सेकंदाला सुमारे ०.८ मीटर धरला, तर सात मीटर रुंदीचा रस्ता ओलांडायला तिला जवळजवळ नऊ सेकंद लागतात. ताशी ६० किलोमीटर वेगाची मोटार तेवढ्या वेळात दीडशे मीटर अंतर कापते. वळणापलीकडून येणारी गाडी जेमतेम साठ मीटरवर दिसत असेल, तर आजींच्या हातात चार सेकंदही नसतात. चालकाने ब्रेक मारायचे ठरवले तरी त्याला भानावर यायला सेकंदभर जातो. कोरड्या रस्त्यावर ६० च्या वेगाची गाडी थांबेपर्यंत सुमारे ३६ मीटर जाते. वेग ३० असेल तर तीच गाडी सुमारे १३ मीटरमध्ये थांबते. वस्तीतून जाणाऱ्या रस्त्यांसाठी जागतिक आरोग्य संघटना ताशी ३० किलोमीटरची मर्यादा सुचवते, ती यासाठीच.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत ३२,८२५ पादचारी होते. म्हणजे दर पाच मृतांमागे जवळजवळ एक जण नुसता चालत होता. यात न मोजलेले नुकसान वेगळेच. जे घाबरून चालणे सोडतात, त्यांची नोंद कुठल्याच अहवालात होत नाही. रस्त्याची भीती बसलेली म्हातारी माणसे हळूहळू घराबाहेर पडेनाशी होतात. मांडीचे स्नायू झडतात, तोल जाऊ लागतो, आणि एक दिवस न्हाणीघरात पडून खुब्याचे हाड मोडते. अपघात रस्त्यावर झालेला नसतो, पण त्याची सुरुवात तिथेच झालेली असते.

उन्हाचेही तसेच आहे. किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम येतो, पण वाळत नाही. त्यामुळे शरीर थंड होण्याची मुख्य वाटच अडते. पारा विदर्भाइतका चढला नाही तरी उष्माघात होऊ शकतो. याच रायगड जिल्ह्यात, खारघरच्या मैदानावर एप्रिल २०२३ मध्ये उन्हाने माणसे दगावली, हे विसरता येणार नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन तालुक्यातल्या वाड्या आडव्या केल्या, तेव्हा सुपारीच्या उत्पन्नाबरोबर रस्त्यावरची सावलीही गेली. नवी झाडे सावली देईपर्यंत थांब्यावर छप्पर लागणारच.

शहरांसाठी योजना, गावासाठी तुकडे

बस किंवा रेल्वेच्या थांब्याभोवतीचा परिसर चालण्याजोगा करायचा, हा विचार नगररचनेत नवा नाही. केंद्र सरकारने २०१७ मध्ये यासाठी राष्ट्रीय धोरण आणले. स्थानकापासून ५०० ते ८०० मीटर, म्हणजे सहज चालता येईल एवढा परिसर, हा त्याचा पाया. २०२० मध्ये केंद्राने ‘स्ट्रीट्स फॉर पीपल’ ही स्पर्धा घेतली. तिच्या विजेत्यांत महाराष्ट्रातले पुणे, पिंपरी-चिंचवड, नागपूर आणि तेव्हाचे औरंगाबाद होते. पुण्यात जंगली महाराज रस्त्याचे पदपथ रुंद झाले, त्यांवर बाक आले, आणि लोक तिथे रेंगाळू लागले. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेली पीएम ई-बस सेवा योजनाही शहरांसाठीच आहे.

दिवेआगरसारख्या गावाला यांपैकी कशातही जागा नाही. तिथे मेट्रो नाही, महापालिका नाही, प्रस्ताव लिहून देणारी सल्लागार कंपनी नाही. पण ५०० ते ८०० मीटरचे सूत्र गावालाही लागू पडते. किंबहुना गावातच ते जास्त लागू पडते, कारण थांब्यापर्यंत पोहोचायला चालण्याखेरीज दुसरा मार्ग अनेकांकडे नसतो. राज्यात ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्या ज्येष्ठांना एसटी मोफत आहे आणि मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे. तिकीट स्वस्त झाले, पण त्याचा लाभ घ्यायला आधी थांब्यापर्यंत सुखरूप पोहोचता आले पाहिजे.

शहराला जे एका योजनेतून मिळते, ते गावाला तुकड्या-तुकड्यांनी जोडावे लागते. म्हणून कोणता तुकडा कोणत्या कामाला चालतो, हे आधी समजून घ्यायला हवे.

पहिला तुकडा ग्रामपंचायतीच्या खात्यातच येतो. २०२१ ते २०२६ या काळासाठी पंधराव्या वित्त आयोगाच्या ग्रामीण अनुदानात ६० टक्के रक्कम पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांसाठी बांधील आणि ४० टक्के अबंधित ठेवली गेली. अबंधित भागातून पगार आणि आस्थापनेचा खर्च भागवता येत नाही. गावाच्या निकडीची कामे करता येतात. आळीचा खचलेला कडा भरणे, थांब्यापर्यंत दिवे लावणे अशी कामे त्यात बसू शकतात. अट एवढीच, की ते काम ‘आमचा गाव, आमचा विकास’ या ग्रामपंचायत विकास आराखड्यात आधी आलेले असावे. आराखड्यात नसलेल्या कामाला ऐन वेळी पैसा मिळत नाही.

दुसरा तुकडा शौचालयाचा. स्वच्छ भारत अभियानाच्या ग्रामीण भागाच्या दुसऱ्या टप्प्यात सामुदायिक स्वच्छता संकुलासाठी तीन लाख रुपयांपर्यंतची तरतूद ठरली; त्यातला ७० टक्के वाटा अभियानाचा आणि ३० टक्के वित्त आयोगाच्या निधीतला. संकुल कुठे बांधायचे हे गाव ठरवते. ते मोकळी जागा मिळाली म्हणून गावाच्या टोकाला न बांधता थांब्याजवळ बांधले, तर प्रवाशांना, बाजाराला येणाऱ्या बायकांना आणि पर्यटकांनाही त्याचा उपयोग होतो. आजींची सकाळची गोळी चुकायचे थांबते ते इथे.

तिसरा तुकडा दिव्यांगांचा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाच्या पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. ती बहुतेक ठिकाणी वैयक्तिक साहाय्यावर संपते. तरीही उतार, कठडा अशा कामांचा मुद्दा ग्रामसभेत जरूर मांडावा, कारण २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने बसथांबे सुलभ करण्याची जबाबदारी शासनयंत्रणेवर टाकली आहे.

चौथा तुकडा जिल्हा नियोजन समितीचा. ‘क’ वर्ग पर्यटनस्थळांना मान्यता देणे आणि तिथल्या सुविधांना निधी देणे हे काम ही समिती करते. पर्यटनाच्या नावाने मागायचे ते बहुतेकदा स्वागतकमान, सेल्फी पॉइंट आणि वाहनतळ असते. त्याच शीर्षाखाली, वाहनतळापासून किनाऱ्यापर्यंत आणि थांब्यापर्यंत पायवाट मागता येते. पर्यटक गाडी एकदा लावून पायी फिरू लागला, की गावातल्या गाड्याही कमी होतात. पाचवा तुकडा आमदार-खासदारांच्या स्थानिक विकास निधीचा. निवारा शेड या निधीतून होताना आपण पाहतोच.

आणि एक छोटासा तुकडा आरोग्य खात्याचा आहे. गावपातळीवरच्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीला राष्ट्रीय आरोग्य अभियानातून वर्षाला दहा हजार रुपयांपर्यंत अबंधित निधी मिळतो. त्यातून शेड होत नाही. पण ज्या मोजणीच्या जोरावर बाकीचे पैसे मिळतील, तिची सुरुवात ही समिती करू शकते. आशा कार्यकर्ती तिची सदस्य असते आणि कोणत्या घरात कोण आजारी आहे, हे तिच्याइतके कोणाला माहीत नसते.

प्रस्तावात आरोग्य कसे लिहायचे

‘ग्रामस्थांची गैरसोय होते, तरी निवारा शेड मंजूर व्हावी ही विनंती’ अशा मजकुराचे अर्ज पंचायत समितीत ढिगाने पडलेले असतात. सगळ्यांचीच गैरसोय होते, त्यामुळे कोणाचा अर्ज वर घ्यायचा हे मग ओळखीवर ठरते. आकडे असलेला अर्ज मात्र बाजूला सारणे अवघड जाते.

हे आकडे जमवायला तज्ज्ञ लागत नाहीत. एक कामाचा दिवस, एक सुट्टीचा रविवार आणि एक पावसाचा दिवस, अशा तीन दिवशी सकाळी आणि संध्याकाळी थांब्यावर दोन-दोन जणांनी वही घेऊन बसावे. शाळेचे वरच्या वर्गातले विद्यार्थी हे काम उत्तम करतात. बसमध्ये किती जण चढले-उतरले, त्यांत साठीच्या पुढचे किती, बायका किती, काठी किंवा कुबडी घेतलेले किती, लहान मूल कडेवर असलेल्या किती, किती जणांना उभ्यानेच थांबावे लागले, बस किती उशिरा आली, एवढे टिपायचे. सर्वांत लांबच्या वाडीपासून थांब्यापर्यंत एका ज्येष्ठ माणसाबरोबर चालत जाऊन घड्याळ लावायचे. वाटेत किती वेळा बाजूला व्हावे लागले, तेही लिहायचे.

दुसऱ्या पानावर दवाखान्याचे प्रश्न यावेत. आशा कार्यकर्तीने रक्तदाब आणि मधुमेहाच्या रुग्णांना, नावे न लिहिता, चार गोष्टी विचाराव्यात. बसने जायचे म्हणून कधी गोळी टाळता का? पाणी कमी पिता का? वाट किंवा थांबा सोयीचा नाही म्हणून तपासणीची तारीख चुकली का? वर्षभरात या वाटेवर पडलात किंवा पडता पडता वाचलात का? उत्तरांची बेरीज वैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवून त्यांचे अर्ध्या पानाचे पत्र जोडले, की शेडची मागणी आरोग्याची मागणी होते. जिल्ह्याच्या बैठकीत ‘या थांब्यामुळे इतक्या रुग्णांचे औषध चुकते’ हे वाक्य वेगळेच ऐकले जाते.

तिसरे पान कागदपत्रांचे, आणि इथेच चांगले प्रस्ताव अडकतात. रस्ता कोणाचा आहे हे आधी शोधावे. राज्यमार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम विभाग, ग्रामीण मार्ग असेल तर जिल्हा परिषद, गावातली आळी असेल तर ग्रामपंचायत. ज्याचा रस्ता, त्याचा ना हरकत दाखला. शेडची जागा कोणाच्या नावावर आहे हे सातबाऱ्यावरून पाहावे. तोंडी दिलेली जागा पुढच्या पिढीत वादात जाते. भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या आत काम असेल तर सागरी किनारा नियमन क्षेत्राचे, म्हणजे सीआरझेडचे नियम लागू होतात. ते आधी न पाहता बांधलेले पाडावे लागू शकते. मग ग्रामसभेचा ठराव, अभियंत्याचे अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता. आणि शेवटी एक ओळ जी बहुतेक अर्जांत नसते: शौचालय रोज कोण धुणार, पाणी कुठून येणार आणि दिव्याचे बिल कोण भरणार. कुलूपबंद शौचालये गावोगावी आहेत. देखभालीची सोय आधीच लिहिली, तर पैसे देणाऱ्याचाही विश्वास बसतो.

कोकणातला थांबा कसा असावा

अंदाजपत्रक करताना मापे नीट घातली नाहीत तर खर्च होतो आणि दुखणे राहते. भारतीय रस्ते महासभेच्या मार्गदर्शिकेनुसार पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर आणि उंची १५ सेंटिमीटरहून जास्त नसावी. चाकाच्या खुर्चीसाठी उताराचे प्रमाण १:१२ असावे, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. अरुंद आळीत एवढी रुंदी मिळणार नाही. तिथे खोटा पदपथ काढण्यापेक्षा मोटारींचा वेगच कमी करणे बरे. गतिरोधकही मापातच हवा: १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, म्हणजे गाडी ताशी २५ किलोमीटरने सहज जाते. रातोरात घातलेला डांबराचा उभा उंचवटा दुचाकीस्वाराला पाडतो आणि रुग्णवाहिकेतल्या गरोदर बाईला हादरवतो.

कोकणातला पाऊसही हिशेबात धरायला हवा. शहरासारखे गुळगुळीत फरशीचे काम पहिल्याच श्रावणात शेवाळते, आणि शेवाळावरून घसरून मोडलेला खुबा ज्येष्ठांच्या आयुष्याला कलाटणी देतो. पृष्ठभाग खरबरीत हवा, पाणी बाजूला काढणारा उतार हवा. पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून शेडची भिंत त्या बाजूला हवी. निसर्ग वादळात ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाचा वारा आला होता. नुसते चार खिळे मारलेले पत्रे अशा वाऱ्यात शस्त्र होतात, तेव्हा छप्पर पक्के जखडलेले हवे. बाकाची उंची गुडघ्याएवढी, आणि उठताना धरायला हाताचा आधार हवा, कारण सांधे झिजलेल्या माणसाला बसण्यापेक्षा उठणे कठीण असते. एसटीची पहिली पायरी उंच असते. ती जिथे येते तिथे हातभर रुंदीचा, वीतभर उंचीचा ओटा केला तर गुडघ्यावरचा भार बराच कमी होतो. आणि सर्वांत महत्त्वाचे, शेड बस जिथे थांबते तिथेच हवी. जागा मिळाली म्हणून पन्नास मीटर मागे बांधलेल्या शेडमध्ये भर दुपारी कुत्री झोपतात आणि माणसे रस्त्यावर उभी असतात.

ठरावानंतर

यातून सगळे सुटेल असे नाही. बस किती सुटाव्यात, हे श्रीवर्धनच्या आगारात आणि त्याहून वर ठरते. ग्रामपंचायतीच्या हातात ते नाही. बसच येत नसेल तर उत्तम शेडही नुसती शेडच. पण मोजणीची तीच वही आगार व्यवस्थापकांपुढेही ठेवता येते. दवाखान्याच्या वेळेला जोडून एक फेरी हवी, ही मागणी आकड्यांनिशी केली तर तिला उत्तर द्यावे लागते. वळणावरच्या धोक्याची नोंद जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे त्याच वहीतून जाऊ शकते. एका मोजणीची अशी तीन कामे होतात.

कायद्याने वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. त्यांतल्या एका सभेत, गटार आणि नळपाण्याच्या विषयांनंतर, थांब्याचा विषय निघू शकतो. तो काढायला सरपंच असावे लागत नाही. मतदारयादीत नाव पुरते.

तोवर रुग्णांनी एक करावे. पाण्याची गोळी प्रवासासाठी मनाने बंद करू नये. फ्युरोसेमाइडसारख्या गोळीचा जोर साधारण सहा तासांत ओसरतो. प्रवासाच्या दिवशी ती परतल्यावर घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारावे. अनेकदा चालते, पण औषधाप्रमाणे आणि आजाराप्रमाणे उत्तर बदलते, म्हणून विचारूनच करावे. गोळी चुकली असेल तर तपासणीच्या टेबलावर ते स्पष्ट सांगावे. डॉक्टरांनीही रक्तदाब वाढलेला दिसला की नवी गोळी लिहिण्याआधी एक प्रश्न विचारावा: आज इथपर्यंत कशा आलात?